कुरडया कुणी तुडवल्या? पनीर भाषेची पूर्ण केस

आधी कोण बोलतंय ते सांगतो, म्हणजे पुढचं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी डेक्कन कॉलेजातून भाषाशास्त्रात एमए केलंय आणि गेली नऊ वर्षं सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर हिशोब लिहितोय. दोन्हीचा एकमेकांशी काय संबंध असं घरचे विचारतात, मी पण विचारतो. गेल्या मे महिन्यात गावभागातल्या आमच्या वाड्यात मी पाच पोरांना एक स्वतः बनवलेली भाषा शिकवली आणि काय होतं ते बघितलं. प्रयोग म्हणायला जीभ रेटत नाही, कारण तुलनेला दुसरा गट नाही, मोजमाप नाही, एक दोनशे पानी वही, खडूचा डबा आणि रोज संध्याकाळी पाच ते सात, बास. पण जे झालं ते मी ठरवलं होतं त्याच्या बरोब्बर उलटं झालं, म्हणून सगळं क्रमानं लिहून ठेवतोय. पोरांची नावं घालत नाही, त्यांच्या आया हे वाचतात.

तर पात्रं अशी. भाची, बारा वर्षांची, पुण्याहून सुट्टीला आलेली, हुशार आणि आपण हुशार आहोत हे तिला पक्कं माहीत. वाड्यातला मोठा, अकरा वर्षांचा, कुठंही काही फुटलं की पहिलं नाव त्याचं. एक चष्मेवाला. एक अथणीवाली, म्हणजे तिची आजी अथणीची, घरात निम्मं कानडी चालतं. आणि मोठ्याची बहीण धाकटी, सहा वर्षांची, प्रत्येक खेळात कच्चं लिंबू.

हे सुचलं कुठनं तर पुरातनं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी तिथं ४५ फूट आहे, त्यावरनं काय झालं असेल ते समजून घ्या. आम्ही माळ्यावर बसलेलो, बॅटरी संपत आलेली, आणि फोनवर दर दहा मिनिटाला कुणीतरी काहीतरी टाकतंय. अमुक धरणाचे दरवाजे उघडले म्हणे. अमुक रस्ता गेला म्हणे. बोटी निघाल्या म्हणे. मी तेव्हा एक गोष्ट बघितली जी डोक्यातनं गेलीच नाही. पहिल्या माणसाच्या मेसेजमध्ये ‘म्हणे’ असायचं, आणि तीच बातमी तीन जणांकडनं फिरून परत आली की म्हणे गळून पडलेलं असायचं. बातमी तीच, शब्द तेच, फक्त ते एक दोन अक्षरी शेपूट गायब, आणि तेवढ्यानं अफवेची खबर झालेली.

आता जगात अशा भाषा आहेत जिथं हे शेपूट गाळताच येत नाही. तुर्कीत भूतकाळाला दोन प्रत्यय आहेत, स्वतः अनुभवलेल्याला एक आणि ऐकलेल्या किंवा खुणेवरनं ताडलेल्याला दुसरा. ॲमेझॉनच्या खोऱ्यात तुयुका नावाची भाषा आहे, तिच्यात तर पाच प्रकार, डोळ्यानं बघितलं, नुसता आवाज वगैरे आला, खुणेवरनं ओळखलं, कुणी सांगितलं, किंवा असणारच असं धरून चाललो, यातलं एक क्रियापदाला लावल्याशिवाय वाक्य पुरंच होत नाही. मराठीत म्हणे आहे, पण ते आपल्या मर्जीवर. वाटलं तर लावा, नाहीतर सोडा. मग माझ्या डोक्यात असं आलं की समजा सांगलीला म्हणे सक्तीचं केलं, तर माणसं बोलायच्या आधी जरा थांबतील का? आपल्याला हे कसं माहीत आहे, हा विचार भाषाच करायला लावेल का?

हा प्रश्न माझा नाही, लई जुना आहे, आणि याच्यासाठी आख्ख्या भाषा बांधल्यात लोकांनी. अमेरिकेत जेम्स कुक ब्राउन नावाच्या माणसानं १९५५ साली लॉगलॅन करायला घेतली. सपीर आणि व्होर्फ या दोन भाषाशास्त्रज्ञांच्या नावानं जी कल्पना चालते, की भाषा विचाराला वळण लावते, ती तपासायची म्हणून. तर्कशास्त्राच्या सांगाड्यावर भाषा उभी करायची, माणसांना शिकवायची, आणि त्यांचं डोकं वेगळं चालायला लागतं का ते बघायचं. १९६० मध्ये सायंटिफिक अमेरिकनमध्ये त्याचा लेख आला, लोक खूश झाले, पण हा गडी भाषा दुरुस्त करत बसला ते बसलाच. मग मालकीवरनं भांडणं, १९८७ मध्ये काही मंडळींनी चूल वेगळी मांडून लोजबान काढली, लॉगलॅन या नावाच्या ट्रेडमार्कवरनं कोर्टकचेरी झाली आणि १९९२ मध्ये तो ट्रेडमार्क गेला. अगदी भावकीतल्या बांधाचं भांडण. ज्या प्रयोगासाठी भाषा बांधली तो तसा राहूनच गेला.

दुसरी माझ्या जास्त जवळची, लादान. सुझेट हेडन एल्गिन ही भाषाशास्त्रज्ञ आणि विज्ञानकथा लिहिणारी बाई, तिनं १९८२ ला ही भाषा केली, बायकांचं अनुभवविश्व नीट मांडता यावं म्हणून. तिच्यात क्रियापद आधी येतं आणि वाक्याच्या शेवटी एक छोटा शब्द येतो जो सांगतो की हे मला कसं माहीत, स्वतः अनुभवलं, स्वप्नात दिसलं, विश्वासाच्या माणसानं सांगितलं, की ज्याच्यावर काडीचा विश्वास नाही त्यानं सांगितलं. एल्गिननं दहा वर्षांची मुदत घातली होती, तेवढ्यात बायकांनी ती उचलली तर उचलली. नाही उचलली. तिनं ते कबूल करून टाकलं, आणि मला त्या बाईचा आदर याच गोष्टीसाठी वाटतो. ब्राउन शेवटपर्यंत दुरुस्त्या करत राहिला, हिनं निकाल लावला.

मी लादानची सरळ नक्कल मारली. क्रियापद पहिलं, पुरावा शेवटी. साठ शब्द. पुराव्याचे तीन शब्द: डो म्हणजे डोळ्यानं बघितलं, का म्हणजे कानानं ऐकलं, मा म्हणजे मनानं ताडलं. यातली चूक तुमच्या आत्ताच लक्षात आली असेल, मला यायला दोन दिवस लागले. ती पुढं सांगतो.

शब्द कसे करायचे याला ब्राउनची एक मजेशीर रीत आहे. तो मोठ्या मोठ्या भाषांतले आवाज एकत्र मळायचा, म्हणजे प्रत्येकाला थोडं ओळखीचं वाटेल. त्याचा निळ्यासाठीचा शब्द ब्लानू, त्यात इंग्रजी ब्लू आहे, चिनी लान आहे आणि आपल्याकडच्या नीलाचाही वाटा आहे. मी म्हटलं आपणपण करू, सांगलीला शोभेल असं, मराठी आणि कानडी मळून. पाण्याला मराठीत पाणी, कानडीत नीरु. झालं, पानीरु. फळ्यावर लिहिलं आणि वाचून दाखवलं, दोन सेकंद शांतता, मग चष्मेवाला म्हणाला, “पनीर?” आणि मग जे हसायला लागली ती वीस मिनिटं थांबलीच नाहीत. अथणीवाली जमिनीवर लोळत होती. त्या दिवसापासनं पाणी म्हणजे पनीर आणि भाषेचं नावही पनीर. मी एक भारदस्त नाव ठरवलं होतं, ते इथं सांगत नाही.

पोरं या खेळाला इतकी पटकन लागली याचं मला नवल वाटलं नाही, कारण च ची भाषा त्यांना येत होतीच. चलाम चकभू चगलीला, म्हणजे मला भूक लागली. ती तर आपण सगळेच बोललोय. पण च ची भाषा म्हणजे मराठीला घातलेला मुखवटा, शब्द उलटेपालटे करायचे आणि पुढं च लावायचा, आतलं व्याकरण जसंच्या तसं. मला मुखवटा नको होता, आतला माणूसच बदलायचा होता. असं मी वहीत लिहिलंय पहिल्या पानावर. आता वाचताना लाज वाटते.

तर ‘का’ची भानगड. तिसऱ्या दिवशी मोठा म्हणाला, “टिगे बाबा कोल्हापूर का.” टिगे म्हणजे जाणे. म्हणजे त्याला सांगायचं होतं की बाबा कोल्हापूरला गेलेत असं मी ऐकलं. चष्मेवाल्यानं लगेच उत्तर दिलं, “नाय, आत्ता तर दिसले की दुकानात.” मराठी कानाला वाक्याच्या शेवटी का आला की प्रश्नच ऐकू येतो! माझ्या भाषेत ऐकीव बातमी देणारा प्रत्येक माणूस प्रश्न विचारत होता आणि समोरचा प्रत्येक जण त्याचं उत्तर देत होता. गंमत म्हणजे ऐकीव बातमीला हीच वागणूक मिळाली तर बरं होईल. पण मला ते चालणार नव्हतं, म्हणून का चं कू केलं. अशी ही पहिली गळती, आणि ती माझ्याच हातनं, कारण मी आळस करून डोळा कान मन यांची पहिली अक्षरं उचलली होती.

दुसरी फजिती मुद्दाम ओढवून घेतलेली. इंग्लंडमध्ये एक माणूस होता, त्याला वीसएक भाषा यायच्या, पण रोजचे साधे व्यवहार स्वतःचे स्वतः जमायचे नाहीत. भाषाशास्त्रज्ञांनी त्याच्यासाठी एपून नावाची भाषा मुद्दाम बनवली आणि तिच्यात एक असा नियम घातला जो कुठल्याच खऱ्या भाषेत नसतो, जोर द्यायचा असेल तर वाक्यातल्या तिसऱ्या शब्दाला प्रत्यय लावायचा, तो शब्द नाम असो क्रियापद असो काही असो. इतक्या भाषा येणाऱ्या माणसाला हे काही जमलं नाही. मी म्हटलं बघू तर पोरांना जमतंय का. तिसऱ्या शब्दाला टे. पहिल्या संध्याकाळी सगळी बोटं मोडत बोलत होती, एक, दोन, तीन-टे, जसं काही पाढे. मोजायचा खेळ म्हणून मजा आली त्यांना. दुसऱ्या दिवशी टे जिथं जोर द्यायचा त्या शब्दाला जाऊन चिकटला होता, न सांगता, पाचही जणांच्या तोंडी. मी म्हटलं अरे तिसरा, तिसरा. भाची म्हणाली, “मामा, तिसऱ्याला कशाला जोर देऊ, मला आंब्याला द्यायचाय.” यावर काय बोलणार.

क्रियापद पहिलं हे किती टिकलं? चार दिवस. पाचव्या दिवशी सगळी वाक्यं मराठीच्या चालीवर, क्रियापद शेवटी, त्याच्यामागं डो कू मा. मी दोनदा टोकलं मग सोडून दिलं.

अनेकवचनाचं जरा नीट सांगतो, कारण इथं चूक माझी आणि दुरुस्ती त्यांची. मी अनेकवचनाला लू ठरवलेलं, पण बोलताना कधी लावायचो, कधी विसरायचो, कधी तोंडातनं ले निघायचं. स्वतःचीच भाषा, तरी. माझी बहीण, म्हणजे भाचीची आई, ती पण पहिले दहा दिवस इथं होती आणि हौसेनं शिकत होती, तिनं माझा गोंधळ जसाच्या तसा उचलला, कधी लू कधी काही नाही. पोरांनी तसं केलं नाही. त्यांनी सगळीकडं लू लावून टाकला, अगदी ‘दोन’च्या पुढं पण, जिथं मी लावायचा नाही असं ठरवलेलं. २००५ मध्ये हडसन कॅम आणि न्यूपोर्ट या दोघींनी नेमकं हेच बनवलेल्या छोट्या भाषेवर दाखवलं होतं, शिकवताना मुद्दाम कधी एखादा शब्द लावायचा कधी गाळायचा, मग मोठी माणसं तेवढ्याच प्रमाणात कधी लावतात कधी गाळतात, आणि लहान मुलं मात्र त्या गोंधळातनं स्वतःचा एक नियम काढून त्यालाच धरून बसतात. हे मी एमएला असताना वाचलेलं, परीक्षेत लिहिलेलं, आणि तरी अंगणात बसून समोर घडताना बघितलं तेव्हा अंगावर काटा आला राव.

आता कुरडया.

मे महिना म्हणजे गच्चीवर वाळवण आलंच. समोरच्या काकूंनी गव्हाचा चीक शिजवून पहाटे पहाटे साच्यातनं कुरडया घातल्या होत्या, तीन मोठे प्लास्टिकचे कागद भरून. दहाच्या सुमाराला बघतात तर मधल्या कागदावर ओल्या कुरडयांत चपलेचा ठसा, एक नाही, चार. काकूंचा आवाज गणपतीच्या देवळापर्यंत गेला असणार. पोरं गोळा झाली आणि नेहमीसारखं सगळ्यांनी एका सुरात मोठ्याचं नाव घेतलं. “ह्यानंच!” “मी बघितलंय की!” “रोज हाच जातोय वर!” मोठा भिंतीला टेकून उभा, काही बोलत नाही.

तेव्हा भाचीला काय सुचलं कोण जाणे, ती कट्ट्यावर चढली आणि म्हणाली, “थांबा. पनीरमध्ये सांगा. एकेकानं.”

आणि शांतता झाली. खरंच झाली. चष्मेवाला, जो सगळ्यात मोठ्यानं मी बघितलंय म्हणत होता, तो आधी डो म्हणायला गेला, ड पर्यंत आला, थांबला, चष्मा वर सारला आणि म्हणाला, “मोठा कुरडई लोमा... कू.” म्हणजे तुडवल्या असं ऐकलं. कुणाकडनं ऐकलं? तर अथणीवालीकडनं. मग अथणीवालीची पाळी. तिनं जे केलं ते मी वहीत त्याच मिनिटाला लिहून घेतलंय. ती म्हणाली, “मोठा गच्ची टिगे डो.” मोठा गच्चीवर गेला, डोळ्यानं बघितलं. मग थांबली. “मोठा कुरडई लोमा मा.” आणि तुडवल्या, हा अंदाज. एका वाक्याची तिनं दोन केली, बघितलेलं वेगळं आणि ताडलेलं वेगळं, कुठल्याही वकिलाला जमणार नाही इतकं स्वच्छ. दोन मिनिटांपूर्वी मराठीत हीच पोरगी “ह्यानंच” म्हणून ओरडत होती.

धाकटी शेवटी. ती म्हणाली, “दादा कुरडई लोमा डो!” ठणकावून. आता धाकटी सकाळपासनं आजोळी होती, पावणेदहाला रिक्षातनं उतरलेली मी स्वतः बघितलं होतं, डो. पण तिचं पण पुढं सांगतो.

त्या रात्री मला झोप नाही. वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं, व्होर्फ जिंकला. ब्राउनला जन्मभरात जे जमलं नाही ते गावभागात तीन आठवड्यात झालं असं मला मनापासनं वाटत होतं, आणि हे मी कुठं कुठं पाठवायचं याची यादी पण केली होती.

उतरलो दुसऱ्या दिवशी, पेढीवर. एक जण सांगत आला की अमक्या गावच्या राजापुरी हळदीला यंदा कीड लागलीय. शेठ पानावर चुना लावत होते, मान वर न करता म्हणाले, “बघितलंस का ऐकलंस?” तो गडी गप्प झाला, मग म्हणाला, ऐकलंय. शेठ म्हणाले मग बघून ये. बस एवढंच. शेठ हे वाक्य दिवसातनं दहा वेळा म्हणतात, मी नऊ वर्षं ऐकतोय, आणि त्या दिवशी पहिल्यांदा कानात शिरलं. शुद्ध मराठी, आणि परिणाम तोच जो पनीरचा, तीच ती अडखळ, तोच तो खाली गेलेला आवाज.

म्हणजे चष्मेवाल्याला थांबवलं ते माझ्या भाषेनं की कट्ट्यावर उभं राहून एकेकाला विचारणाऱ्या पोरीनं?

चार दिवसांनी चेंडू हरवला तेव्हा मी मुद्दाम पनीर मध्ये आणलंच नाही. एकेकाला बाजूला घेऊन मराठीत विचारलं, तू पाहिलंस की ऐकलंस की तुला वाटतंय? सगळ्यांनी नीट वेगवेगळं सांगितलं. पण यांना आता सवय झालेली, हे पनीर खाऊन बसलेले, म्हणून यावर भरवसा ठेवता येत नाही. मग पलीकडच्या गल्लीतली तीन पोरं गाठली, ज्यांनी पनीरचा प पण ऐकला नव्हता, त्यांच्यात सायकलच्या हवेवरनं भांडण चाललेलं होतंच. तोच प्रश्न, मराठीत. तीच अडखळ. एक जण म्हणाला, “बघितलं नाय पण तोच असणार.” असणार! मराठीनं त्याच्या हातात मा केव्हाच दिलेला होता, मी तो नवीन म्हणून विकत होतो.

मोठ्या प्रमाणावर हे ज्यांनी तपासलंय त्यांचंही असंच निघालंय. कोरियन भाषेत पुराव्याचे प्रत्यय आहेत, इंग्रजीत नाहीत. २००७ मध्ये आलेल्या एका अभ्यासात पापाफ्रागू आणि तिच्या सहकाऱ्यांनी कोरियन आणि इंग्रजी बोलणारी लहान मुलं घेतली आणि बघितलं की आपल्याला किंवा दुसऱ्याला एखादी गोष्ट कशी कळली हे ओळखण्यात कोरियन मुलं पुढं असतात का. नव्हती. प्रत्यय तोंडात असले म्हणून ती जाण आधी येत नाही.

मग भाषेचा काहीच परिणाम नाही का? रोमान याकबसन हा भाषाशास्त्रज्ञ म्हणून गेलाय की भाषाभाषांत फरक असतो तो काय सांगता येतं यात नाही, काय सांगावंच लागतं यात असतो. याला आमच्याकडचं एक उदाहरण आहे. प्रमाण मराठीत ‘मी आलो’ की ‘मी आले’ यात तुम्ही बाई की बाप्या हे सांगावंच लागतं, सुटका नाही. पण कोल्हापूर सांगली पट्ट्यात बायका सर्रास मी आलो, मी जातो म्हणतात. भाची दरवर्षी माझ्या आईला सुधारते, “आजी, आले म्हण ना.” आई म्हणते, “बरं, आलो.” म्हणजे बघा, एकाच भाषेच्या दोन रूपांत एक ठिकाणी हे सांगणं सक्तीचं आणि एक ठिकाणी नाही, बनवलेल्या भाषेची गरजच नाही, आयता प्रयोग दारात. आणि सांगलीच्या घराघरात बाईला बाई असण्याचा विसर पडलाय असं काही माझ्या तरी बघण्यात नाही. भाकऱ्या कोण थापतं ते सगळ्यांना माहीत आहे.

कुरडयांचं मोठ्यानं त्याच दिवशी संध्याकाळी कबूल केलं, बरं का. “व्हय, मीच. चेंडू आणायला गेल्तो. मग?” म्हणजे ऐकीव बातमी खरी होती, अंदाज खरा होता, आणि धाकटीचा धडधडीत खोटा डो सुद्धा खराच निघाला. सगळ्यात चोख बोलली ती अथणीवाली, आणि तिच्या चोखपणानं निकालात एका दाण्याचा फरक पडला नाही. हे मला फार लागलं. पुराव्याचा शब्द बरोबर लावणं आणि खरं काय ते कळणं या दोन गोष्टी मी एकच धरून चाललो होतो.

आता धाकटी. तिला मी समोर बसवून कधी शिकवलंच नव्हतं, कच्चं लिंबू म्हणून ती बाजूला बसायची, जे शिकली ते या चौघांकडनं, आणि ते चौघंही आधीच माझी भाषा वाकवून बसलेले. म्हणजे ती पनीरची दुसरी पिढी. तिच्या पनीरमध्ये मा नव्हताच. डो होता, पण त्याचा अर्थ बघितलं असा नव्हता, नक्की असा होता. मी तपासायला विचारलं, बाप्पा आहे का गं? “बाप्पा आहे डो.” बघितलास? “नाही.” मग डो कसा? माझ्याकडं अशी बघितली जसं काही मलाच पनीर येत नाही. आणि तिच्या बाजूनं ते खरंच होतं.

एडिंबरात सायमन किर्बी आणि मंडळींनी २००८ साली याचीच पद्धतशीर मांडणी केली होती. २७ चित्रं, तीन आकार, तीन रंग, तीन हालचाली, प्रत्येकाला एक निरर्थक शब्द. पहिल्या माणसाला त्यातली निम्मी शिकवायची, मग सगळी २७ विचारायची, आणि तो जे बोलेल तीच पुढच्याची भाषा, असं दहा जणांपर्यंत. पहिल्या वेळी भाषा आक्रसत गेली, बऱ्याच चित्रांना एकच शब्द, शिकायला सोपी पण सांगायला निकामी. दुसऱ्या वेळी त्यांनी एक चाळणी लावली, दोन चित्रांना एकच शब्द आला तर तो पुढं द्यायचा नाही, तेव्हा शब्दांचे तुकडे पडायला लागले, एक तुकडा रंगाचा, एक आकाराचा, एक हालचालीचा. हे कुणीही ठरवलं नव्हतं, एका माणसाकडनं दुसऱ्याकडं जाता जाता घडलं. धाकटीनं मा टाकून दिला तो त्या पहिल्या वेळेसारखा, आक्रसणं. मला वाटलं आता उरलेलं पण असंच झिजत जाणार.

पण तेवढ्यात एक नवीन शब्द आला. मी केलेला नाही. कूजी.

भाचीला विचारलं हे काय, तर म्हणे आजीनं सांगितलं असेल तर कू नाही लावायचा, कूजी लावायचा. का? कारण कू म्हटलं की समोरचा म्हणतो खोटं असेल, आणि आजीनं सांगितलेलं खोटं असेल असं म्हटलं की आजी मारते. पोरांनी ऐकीवचे दोन भाग केले होते, कुणाकडनं तरी ऐकलं आणि ज्याच्यापुढं बोलायचं नाही त्याच्याकडनं ऐकलं. एल्गिननं १९८२ मध्ये टेबलावर बसून विश्वासाचा माणूस आणि बिनविश्वासाचा माणूस असे दोन शब्द केले होते, माझ्या वहीत त्यांची नोंद होती पण पोरांना जड जाईल म्हणून मीच ते गाळले होते, आणि यांनी ते आजीच्या धाकानं परत काढले. त्या संध्याकाळी मी वहीतलं ‘व्होर्फ जिंकला’ खोडलं आणि त्याच्या जागी नुसतं ‘कूजी’ लिहिलं. पुढं काय लिहायचं ते सुचलं नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात भाची पुण्याला गेली. भाषेचा खांब तीच होती, ती गेली आणि आठ दिवसात पनीर बंद. साठ शब्दांतले आता किती आठवतात म्हणून दिवाळीत पोरांना विचारलं, तर पनीर, टिगे, लोमा आणि शिव्या म्हणून त्यांनी स्वतःच केलेले दोन. व्याकरणातलं काहीच नाही, लू पण नाही.

कू मात्र राहिलाय, पण मराठीत. वाड्यात आता कुणी काही सांगायला लागलं की पोरं शेवटी कू जोडतात, चिडवायला. लाइट जाणार आहे कू. सर बदलणार आहेत कू. काकूंनी परवा मला विचारलं की हे कबुतरासारखं काय करतायत सगळी, मी म्हटलं काय माहीत.

आणि गेल्या रविवारी जेवायला बसलो होतो, धाकटी दारात आली, हातात भडंगाची वाटी, आणि माझ्याकडं बघून म्हणाली, “तुमचं लग्न ठरलंय कूजी.”

मी आईकडं बघितलं. आई भाकरी थापत होती, वर बघितलं नाही.